गोमाजीशेठची गॅलरी

श्रीपतने पेचकस तुळईच्या टोकात खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला काळा, ओला लगदा चिकटला होता. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कुबट वास नाकात शिरला. नगरपालिकेचा ओव्हरसियर म्हणून महाडातल्या कितीतरी चाळींच्या लाकडी गॅलऱ्या त्याने तपासल्या होत्या; पण सागाची अशी गत त्याने पाहिली नव्हती.

त्याने वर पाहिलं. कौलांखालची पत्र्याची पन्हळ नेमकी तुळयांच्या डोक्यावर कापलेली होती. सरळ, मुद्दाम. छपराचं सगळं पाणी पावसाळाभर या लाकडात मुरलं होतं.

"ही कुणी कापली?"

दारात उभ्या असलेल्या ठमाबाईने आवाज खाली आणला.

"शेटच्या मानसांनी. नवी लावतो म्हनाले. कुठली लावतायत! आमी खोल्या सोडाव्या म्हनून चाललंय सारं. घरात सून हाय साहेब, ललिता. दिवस भरत आलेत तिचे. तिला घेऊन जाऊ कुठं?"

अंगणात चाळीचे मालक गोमाजीशेठ नाकाला रुमाल लावून उभे होते. श्रीपत खाली येताच ते जवळ सरकले.

"राहण्यास अयोग्य, एवढंच लिहा. शेवटी माणसांचा जीव महत्त्वाचा, नाही का?"

श्रीपतने तिथेच उभ्याने आदेश लिहिला: भिंती दगडी, खोल्या शाबूत, मालकाने सडलेली गॅलरी उतरवून नवी बांधावी.

शेठनी तो वाचला आणि ते हसले.

"जशी आज्ञा."

पुढच्या आठवड्यात बहिणीकडून, खेडहून परतताना श्रीपत स्टँडवरून सरळ चाळीकडे वळला. गॅलरी उतरवली होती. तिच्याबरोबर जिनाही. वरच्या मजल्याची दारं हवेत उघडत होती. बाकीची बिऱ्हाडं गेली होती. एकट्या ठमाबाईच्या उंबऱ्याला बांबूची शिडी टेकलेली होती आणि तिच्यावरून ती कळशी सावरत चढत होती. वर ललिता दाराची चौकट धरून खाली बघत होती.

"तुमचाच आदेश पाळला," मागून शेठ म्हणाले. "नवं लाकूड खेडहून यायचंय. कशेडी घाटात दरड कोसळलीय, त्याला मी काय करणार?"

"मी आत्ताच कशेडी उतरून आलो. रस्ता मोकळा आहे."

"मग ट्रक बिघडला असेल." शेठच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

श्रीपत बाजूला जाऊन थुंकला. त्या आदेशाखाली सही त्याची होती.

तो शिडीपाशी गेला. ठमाबाई आत गेल्यावर पिशवी खांद्याला अडकवून वर चढला आणि उंबऱ्यावर पोचताच वळून त्याने शिडी वर ओढून घेतली.

"अहो, हे काय करताय?" शेठ ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

"नगरपालिकेत कळवा, शेठ. ओव्हरसियर तुमच्या चाळीत अडकलाय म्हणावं. त्याला उतरायला जिना लागेल."

तो पाय खाली सोडून उंबऱ्यावर बसला. आत चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला.

"ठमाबाई," मागे न वळता तो म्हणाला, "मूठभर तांदूळ माझेही टाका."