पंचशीलाचा प्रश्न

लातूर जिल्हा होऊन वर्षच झालं होतं. नव्या जिल्ह्याच्या गावाला शोभावं म्हणून शाळेनं आठवीची एक तुकडी काढली. तिथं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ती तुकडी विरूपाक्ष सरांकडं आली. सर स्वतः निलंग्याकडच्या खेड्यात मराठीतून शिकलेले. पण हे सांगायची त्यांना लाज वाटे.

घटक चाचणीत ट्रफ नावाच्या कशाचं तरी घनफळ काढायचं होतं. सातवीत गणिताला पहिली आलेली पंचशीला हात वर करून उभी राहिली.

"सर, हे ट्रफ म्हंजे काय?"

सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी आवाज चढवला.

"आठवीत आलीस, एवढंही कळत नाही?"

वर्ग हसला. पंचशीला खाली बसली. तिनं ते गणित सोडलं, आणि पुढची तीनही. पंधरवड्यानं सरांनीच शेरा लिहिला, 'इंग्रजी झेपत नाही', आणि तिला मराठी तुकडीत पाठवलं. तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

तो शब्द त्यांनी शब्दकोशात पाहिला तो त्यानंतर. जनावरांना पाणी पाजायची डोण. सर बराच वेळ ते पान उघडंच धरून बसले.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. गावाबाहेर गुरांची छावणी पडली होती. एका रविवारी सर तिकडून सायकलीवर चालले होते. पंचशीला आणि तिची आई सरजाबाई घागरीनं सिमेंटच्या डोणीत पाणी ओतत होत्या. सर उतरले.

"ही डोण दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल. किती पाणी मावेल?"

"तीनशे लिटर," ती ओतता ओतताच म्हणाली. "पर तळाला तीन बोटं गाळ हाय. अडीचशेच धरा, सर."

"यालाच ट्रफ म्हणतात," सर हळूच म्हणाले.

तिनं घागर खाली ठेवली. "मंग तवा का न्हाई सांगितलं?"

"मलाच माहीत नव्हतं."

सरजाबाई एकदा लेकीकडं, एकदा सरांकडं बघत राहिली. चाचणीच्या दिवशी पोरगी घरी येऊन का जेवली नव्हती, हे तिला आत्ता उमगलं.  सरांना ती नजर जड गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर खरं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग मुख्याध्यापकांकडं जाऊन त्यांनी स्वतःचा शेरा खोडला आणि ते मराठी तुकडीच्या दारात उभे राहिले.

"पंचशीला, वर्गात परत ये. जो शब्द अडेल तो आपण मिळून बघू."

ती बाहेर आली. खाली मान घालून उभी राहिली.

"न्हाई सर. हितं मी इचारलं, तर सांगतात."

एवढं बोलून ती आत जाऊन बसली. सरांच्या हातात तिचं नाव घातलेलं नवं हजेरीपत्रक होतं. आतल्या मास्तरांनी ते पाहिलं, आणि सरांना उगाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून फळ्याकडं तोंड फिरवलं.