गळ्यातून अणूत गेलेला मणी

मित्रांनो, मी एक जुना तुळशीचा मणी आहे. खांदा कॉलनीतल्या एका शाळेत, विज्ञानाच्या कपाटावर, तारेच्या कड्यात ओवलेला मी दिसेन. इथे मला इलेक्ट्रॉन म्हणतात.

पण मी घडलो होतो गळ्यासाठी. नेरे गावच्या गुणाबाईंच्या माळेत आम्ही एकशेआठ जण होतो. कीर्तनात बाई देहभान विसरून टाळ्या वाजवायच्या आणि आम्ही त्यांच्या छातीवर नाचायचो. एका एकादशीला असा काही रंग भरला, की माळच तुटली!

बाईंची नववीतली नात, नाव तिचं पूर्वी, आम्हाला वेचायला धावली. तिला प्रदर्शनासाठी हेलियमचा अणू करायचा होता.

“आजी, दोन मणी घेऊ?”

“हूं,” बाई म्हणाल्या. तो हुंकार बुवांच्या अभंगाला होता, पूर्वीला वाटलं आपल्याला.

पूर्वीने कुंकू लावलेले दोन चिंचोके घेतले, ते प्रोटॉन. दोन साधे चिंचोके, ते न्यूट्रॉन. चौघांना एकत्र चिकटवून तिने केंद्रक केलं. भोवतीच्या कड्यात आम्ही दोघे. माझा सोबती डिंकाने घट्ट बसला, मी जरा सैलच राहिलो.

प्रदर्शनाच्या सकाळी बाई माळ ओवायला बसल्या. दोन मणी कमी! पूर्वी अणू घेऊन निघाली तेव्हा मी कड्याच्या फटीतून निसटून उंबऱ्याशी पडलो होतो, शोधता शोधता तिथे त्यांना सापडलो. “एक तरी मिलला गो बाय!” म्हणत त्यांनी मला उचलून ओवलं. मित्रांनो, तो आनंद काय सांगू! पुन्हा तोच गळा, तीच ऊब.

दुपारी नातीचं कौतुक बघायला बाई शाळेत आल्या. कमलाकर सर अणूपाशी थांबले होते आणि पूर्वीचा चेहरा उतरला होता.

“धन दोन, ऋण एकच,” सर म्हणाले. “हा पूर्ण अणू नाही, पूर्वी. आयन झाला हा.”

“सर, सकाळपर्यंत दोन होते! आईशप्पथ!”

“येवढुशा मन्यावाचून काय अडलंय, सर?” बाईंनी विचारलं.

“आजी, वजनाला तो प्रोटॉनपुढे काहीच नाही. पण तो गेला की तोल गेला.”

“सगल्यात बारीक तो, न ऋण त्याच्याच माथी?”

सर हसले. “हे ऋण फेडायचं नसतं, आजी. त्याच ओढीने तर तो केंद्रकाचा असतो. केंद्रक या चिंचोक्याएवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन दीडशे पावलांवर, पार रस्त्यापलीकडे. मधे नुसती पोकळी. तरी सुटत नाही. तारेवर बसत नाही हं तो, ढगासारखा भोवती असतो. तार आपली समजायला.”

बाईंचा हात गळ्याकडे गेला. मी बोटाखालीच होतो.

“म्हंजे चोर मीच हाय!” त्या म्हणाल्या, आणि पूर्वी ‘आजी, नको’ म्हणेपर्यंत त्यांनी दाताने दोरा तोडला. मला कपाळाला लावलं. “जा रं बाला. तिथंबी मधे कुंकूच हाय.”

अणू पूर्ण झाला. सरांनी टाळी वाजवली. कीर्तनातल्यासारखी नव्हती, पण चालली.

आता पूर्वी कॉलेजात जाते. मी इथेच, धुळीत. मधे एकदा ती आली होती, सरांना सांगत होती, “आजीने त्या दोन मण्यांच्या जागी दोन गाठी मारल्यात. जप करताना बोट गाठीवर आलं की तिथेही नाव घेते. म्हणते, माल पुरी हाय माजी.”

तेव्हापासून मित्रांनो, नेरे मला लांब वाटत नाही. आठवण मात्र येते, एकादशीला फार येते.

म्हणून एवढंच मागणं. मला कपाटावरून काढून परत नेऊ नका, माझ्यावाचून हा अणू अपुरा पडेल. फक्त फडक्याने हलकेच पुसा, आणि वाकलेलं कडं जरा सरळ करा. म्हणजे माझी बाजू खिडकीकडे होईल. खिडकी डोंगराकडे उघडते, आणि नेरे तिकडेच आहे.