स्लोव्हेनियाचं मत

दारिंकानं ‘स्लोव्हेनिया’ लिहिलेली पाटी टेबलाच्या कडेशी सरळ करून ठेवली. ती आधीपासूनच सरळ होती हे नंतर तिच्या लक्षात आलं. शेजारी बोश्त्यान मसुद्याची पानं चाळत होता. राष्ट्रीय मानक संस्थेतला हा तरुण अधिकारी एरवी अशा बैठकांत पेंगायचा. आज मात्र राहून राहून तिच्याकडे बघत होता.

“मॅडम, आपली हरकत मी वाचतो ना,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही नुसत्या बसा.”

“पाणी दे जरा.”

त्यानं पेला भरून दिला. तिनं तो हातात धरला आणि प्यायची राहून गेली.

मारिबोरच्या त्या हॉटेलात वीसेक देशांचे प्रतिनिधी जमले होते. द्राक्षमळ्यांत चालणाऱ्या अरुंद ट्रॅक्टरांसाठी जगभर एकच मानक ठरवायचं होतं, आणि या खेपेला यजमानपद स्लोव्हेनियाकडे होतं. देश मोठा असो की लहान, मत एकच. काम अडलं होतं एका कलमावर. ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून चालकाच्या पाठीमागे लोखंडी कमान असते. बऱ्याच ट्रॅक्टरांवर ती दुमडता येते. दुमडलेली कमान पुन्हा उभी करायची तर अंगात जोर लागतो, म्हणून माणसं ती उभीच करत नाहीत. नवं कलम म्हणत होतं की ती बसल्या जागेवरून, एका हातानं, सहज वर झाली पाहिजे.

स्लोव्हेनियाची या कलमाला हरकत होती. ती हरकत विंकोची होती.

विंको तिचा धाकटा भाऊ. हालोझेच्या टेकड्यांवर त्याचा मळा. देशाच्या समितीत ट्रॅक्टर बनवणारे होते, तपासणारे होते, विद्यापीठातले होते. ट्रॅक्टर चालवणारा कोणीच नव्हता. समितीची अध्यक्ष दारिंका. तिनंच त्याला आग्रह करकरून आणलं. सुरुवातीला तो खिडकीबाहेर बघत बसायचा. या कलमाची पाळी आली तेव्हा मात्र बोलला.

“तुमचं कलम चांगलंच आहे, ताई. कमान हलकी होईल आणि ट्रॅक्टर दुकानातच राहील. महाग झाला की आमच्याकडचे म्हातारे बापाच्या वेळचं धूड पुन्हा चालू करतील. त्याला तर कमानच नाही.”

काही जण हसले, काही जण भांडले. तापून, थंड होऊन, शेवटी समितीनं तेच देशाचं म्हणणं म्हणून लिहून पाठवलं.

मागच्या महिन्यात ओळीच्या टोकाला वळताना विंकोचा ट्रॅक्टर उलटला. कमान दुमडलेली होती.

तेव्हापासून दारिंकाची सगळी कामं बिनचूक होत होती. शवपेटी तिनं निवडली, पाद्रीबाबांशी ती बोलली, आलेल्यांना वाइन पुरली की नाही हे तिनं पाहिलं. जेवणात मीठ कमी की जास्त हे कळत नव्हतं, एवढंच.

“अजून वेळ आहे,” बोश्त्यान म्हणाला. “समितीला आत्ता ऑनलाइन बोलावू. मत बदलता येईल.”

“कुणाचं?”

“आपलं. देशाचं.”

“त्यानं चुकीचं काय सांगितलं होतं?”

बोश्त्याननं पानं पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतली.

कॉफीच्या सुट्टीत ऑस्ट्रियाचा लाइटगेब तिच्याजवळ आला. तिचा जुना मित्र. कित्येक मसुद्यांवर दोघं एकत्र भांडले होते, कधी एका बाजूनं, कधी समोरासमोर.

“भाऊ गेल्याचं कळलं,” तो म्हणाला. “वाईट झालं. तू आली नसतीस तरी चाललं असतं.”

“घरी तरी काय करणार होते?”

“कलमाची काळजी करू नकोस. आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. पोर्तुगाल आहे, ग्रीस आहे. कलम मसुद्यातून निघेल, बघ.” त्यानं कॉफीत साखर टाकली. “आजारी होता का?”

“नाही. ट्रॅक्टर उलटला.”

लाइटगेबचा चमचा थांबला. “कमान?”

“दुमडलेली,” दारिंका म्हणाली. कोणी वेळ विचारावी आणि घड्याळ बघून सांगावी, तसं.

तो तिच्या दंडाला हात लावावा की लावू नये अशा घोळात उभा राहिला. मग पोर्तुगालच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या, तिकडे गेला. दारिंकानं समोरचा केक खाल्ला. तो कशाचा होता ते तिला सांगता आलं नसतं.

बैठक पुन्हा सुरू झाली. अध्यक्ष फिनलंडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्लोव्हेनियाचं नाव घेतलं. दारिंकानं हरकत वाचली. विंकोचं बोलणं समितीनं घोटून गुळगुळीत केलं होतं. म्हाताऱ्यांचं ‘वयस्क वापरकर्ते’ झालं होतं, धुडाचं ‘संरक्षक कमान नसलेली जुनी यंत्रं’. तिनं ते सगळं नीट वाचलं. मग कागद खाली ठेवून, कागदावर नसलेलं एक वाक्य ती बोलली.

“कमान हलकी होईल आणि ट्रॅक्टर दुकानातच राहील.”

कुणी हसलं नाही.

“कलम मसुद्यातून काढावं, असं ज्या देशांना वाटतं,” अध्यक्ष म्हणाले, “त्यांनी हात वर करावेत.”

दारिंकानं हात वर केला. समोर लाइटगेब पेनाचं टोपण काढत होता, बसवत होता. पोर्तुगालच्या बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. ग्रीसच्या प्रतिनिधीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर पाटीकडे वळवली. सगळ्या दालनात तिचा एकटीचा हात वर होता.

सचिवांनी नोंद केली. हात तसाच राहिला.

“धन्यवाद, स्लोव्हेनिया,” अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. “हात खाली घेतलात तरी चालेल.”

बाहेर पडताना लाइटगेबनं तिला जिन्यापाशी गाठलं.

“दारिंका, मला वाटलं, तुला मनातून हेच हवं असेल.”

“मी तुला तसं म्हटलं होतं?”

“नाही.”

“तो असता तर तुझ्याशी भांडला असता.”

“हो. भांडला असता,” लाइटगेब म्हणाला, आणि तिला वाट देण्यासाठी बाजूला झाला.

बोश्त्यान सोडतो म्हणाला तरी ती एकटीच गाडी चालवत हालोझेला गेली. अजून चांगलं ऊन होतं. विंकोच्या घराशी ती उतरली तेव्हा अंगण तिला वेगळंच दिसलं. इतकं आकाश तिथं कधीच नव्हतं. दारापुढचा मांडव, आजोबांनी लावलेली ती जुनी वेल, सगळं आडवं झालं होतं. जमिनीतून फक्त एक जाड खुंट वर आलेला आणि त्याच्या ताज्या कापावरून पाणी गळत होतं. पलीकडे विंकोचा ट्रॅक्टर उभा होता, एका बाजूनं चेपलेला, पण कमान ताठ.

विंकोची बायको झोफ्का हातात करवत घेऊन फांद्या छाटत होती.

“फवारणी तोंडावर आलीये, ताई,” ती न थांबता म्हणाली. “आता ट्रॅक्टर मलाच चालवायला हवा. मांडवाखालून काढायचा म्हणून तो रोज कमान पाडायचा. मी दोन्ही हातांनी ओढली, हलेना. शेवटी शेजारच्या दोघांना बोलावून उभी केली. आता खाली पाडणार नाही.”

दारिंका खुंटाकडे बघत उभी राहिली. बैठकीचे बूट ओल्या मातीत रुतले होते.

“तुझी बैठक होती ना आज? विंकोचं म्हणणं मांडलंस?”

“मांडलं. पडलं.”

“बाजूनं कोण होतं?”

“मीच.”

झोफ्कानं करवत खाली ठेवली. कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले.

“म्हणजे आता काय होणार?”

“नवे ट्रॅक्टर येतील. त्यांची कमान एका हातानं वर होईल.”

“कधी?”

“चार-पाच वर्षं तरी लागतील.”

“चार-पाच वर्षं,” झोफ्का म्हणाली. तिनं वेलीचं जाडजूड खोड एका बाजूनं उचलून पाहिलं. “बरं. ते टोक धर, ताई.”

दारिंकानं पर्स जमिनीवर ठेवली आणि वाकून खोड धरलं. ते वाटलं त्याहून जड होतं, आणि कापलेल्या जागी गार होतं.

“गार आहे गं,” ती म्हणाली.

झोफ्का थांबली. दारिंकानं पकड सोडली नाही.