क्रेन आणि मधली जागा

संस्थेनं ट्रॅक्टर घेतला, त्यावर बसवलेली लाकूड उचलायची क्रेन घेतली, आणि देवराम गावितची जागा गेली. हे घडलं. आता ते घडलंच नाही असं समजू. कारण त्या मंगळवारी सकाळी नाशिकला दिंडोरी रोडवरच्या शोरूममध्ये तसं काही झालेलं नव्हतं. तिथे फक्त एक सोफा हवेत होता.

"पंधराशे किलो उचलते, सर. हात सहा मीटर," राकेश सांगत होता. राकेश हा तिथला सेल्समन. शोरूममध्ये सागाचा ओंडका नव्हता, म्हणून त्यानं गिऱ्हाइकांना बसायचा तीन माणसांचा सोफा बाहेर आणून क्रेनच्या पंजात दिला होता. सोफ्यावर कुणी नव्हतं. कुणाची तरी विसरलेली पिशवी मात्र होती, आणि ती आता दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर होती.

खाली सुरगाण्याकडच्या जंगल कामगार संस्थेची खरेदी समिती माना वर करून उभी होती. समितीत तिघं. चेअरमन सोमनाथ चौधरी, लिहून घ्यायला संस्थेची क्लार्क संजना, आणि 'प्रत्यक्ष वापरकर्ता प्रतिनिधी' म्हणून सावळीराम भोये. सावळीराम संस्थेच्या लाकूड डेपोवर तीस वर्षं टोळीचा मुकादम. आठ माणसांची टोळी ओंडका खांद्यावर घ्यायची, सावळीराम आरोळी द्यायचा, आणि ओंडका चालू लागायचा. क्रेन आली की टोळी संपणार होती. म्हणजे प्रत्यक्ष वापरकर्ता क्रेन प्रत्यक्ष आल्यावर तिथे नसणार होता. पण त्याच्या सहीशिवाय खरेदी होत नाही, असा नियम होता.

"काय मुकादम, कशी वाटते?" चेअरमननी विचारलं.

"बरा हाय सोफा."

"अहो, क्रेन!"

"सोफा गुमान बसतो, साहेब. लाकूड नाय बसत." सावळीराम राकेशकडे वळला. "भाऊ, हात पुरा लांब कर आन तो सिमेंटचा पाइप उचल."

राकेश जरा घुटमळला. "पुरा लांब केल्यावर थोडं कमी उचलते, काका."

"किती?"

"पाचशे."

"जवळ पंधराशे, लांब पाचशे. मंग आपल्यासारखीच हाय की."

पाइप जमिनीवरून वीतभर उचलला गेला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं त्याच्याहून जास्त उचलली गेली. वरातीतला घोडा उभा राहावा तसा ट्रॅक्टर उभा राहिला. समिती एकमतानं चार पावलं मागे सरकली.

संजनानं वहीत लिहिलं: 'ट्रॅक्टर उभा राहिला.'

"असं नसतं लिहायचं," चेअरमन म्हणाले.

"मग कसं लिहू, सर? राहिलाच ना."

हा पहिला ट्रॅक्टर नापास झाला, ते योग्यच झालं. दुसऱ्या आठवड्यातला दुसरा ट्रॅक्टर जड होता, क्रेनही चांगली होती. सावळीरामनं त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायर दाबून बघितले, आणि म्हणाला, "तोंड नाय आवडलं."

संजनाच्या वहीत 'तोंड समाधानकारक नाही' अशी नोंद झाली.

परतताना जीप वणीला चहासाठी थांबली, तेव्हा चेअरमननी कप बाजूला ठेवला. "मुकादम, खरं सांगा. तुम्हाला क्रेन नकोच ना?"

सावळीराम बशीतला चहा फुंकत राहिला.

"अहो, टोळी मोडली तरी पोरं उपाशी नाही राहणार. रोपवाटिकेत काम आहे, तोडीवर आहे. सगळ्यांची सोय मी करतो."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची," चेअरमन म्हणाले, आणि मग त्यांना देवराम आठवला. त्यांनी कप परत उचलला.

देवरामची गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी डेपोतल्या थप्पीवरून एक ओंडका घसरला. देवराम खाली होता. आरोळी अर्ध्या श्वासाएवढी लवकर पडली होती, असं सावळीरामला वाटत आलं. बाकी कुणाला तसं वाटलं नव्हतं. देवराम वाचला, पण पाठीतून वाकला. कुऱ्हाड चालवणं नाही, कुदळ नाही, रोपाला पाणी घालायला खाली बसला तर उठवायला दोन माणसं. तीन महिन्यांनी तो गोणपाट खांद्यावर टाकून डेपोवर हजर झाला. सावळीरामनं काही न बोलता टोळीची उभं राहायची रीत बदलली. पुढे उंच माणसं, मागे उंच माणसं, आणि मधल्या जागी देवराम. ओंडका चालू लागला की देवरामच्या खांद्याच्या चार बोटं वरून जायचा. देवराम एक हात वर करून त्याला धरायचा आणि ओरडायचा, "आज लय वजन हाय रं!"

"लय हाय!" बाकीचे सात जण ओरडायचे.

सहा वर्षं हे चाललं. देवरामला कळू नये म्हणून पूर्ण टोळीनं जे कसब दाखवलं, ते एखाद्या नाटक मंडळीनं दाखवलं असतं तर त्यांना बक्षीस मिळालं असतं. मागचा रोहित तर देवराम ओरडला की मुद्दाम गुडघ्यात वाकायचा.

आता क्रेनसोबत देवराम कुठे उभा राहणार, एवढाच सावळीरामचा प्रश्न होता. त्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं.

तिसरा ट्रॅक्टर राकेशनं थेट डेपोवर आणला. मोठा, पुढच्या चाकांनाही ओढ असलेला, आणि क्रेनला बाजूला टेकवायचे दोन लोखंडी पाय. सगळी टोळी बघायला जमली. देवराम एका ओंडक्यावर बसला होता.

राकेशनं पाय टेकवले. आठ माणसांनी उचलायचा ओला सागाचा ओंडका पडला होता, त्याच्याकडे क्रेननं हात पुरा लांब केला. पंजा उघडला, मिटला, आणि ओंडका वर आला. पुढची चाकं जागची हलली नाहीत. ओंडका सावकाश फिरला आणि थप्पीवर असा बसला, जसं लहान मूल झोपल्यावर पाळण्यात ठेवावं. कुणी आरोळी दिली नाही. कुणाला द्यावीशीही वाटली नाही.

"मधोमध का धरती ती?" सावळीरामनं विचारलं.

"मध्ये धरलं तरच तोल राहतो, काका," राकेश म्हणाला.

सावळीराम त्या पंजाकडे बघत राहिला. संबंध ओंडक्यात धरायला एवढी जागा, आणि हिला नेमकी तीच हवी होती.

"पाय नाय आवडले," तो म्हणाला.

चेअरमननी कपाळाला हात लावला. संजनानं पेन उचललं.

"थांब गं पोरी, लिहू नको." देवराम उठून हळूहळू आला. "सावळ्या, इकडं ये."

दोघं थप्पीच्या आडोशाला गेले.

"पायाला काय झालं?"

"नाय आवडले."

"त्या दिशी तोंड नाय आवडलं, आज पाय. तू क्रेन घेतो का सून बघतो?"

"तुला काय करायचं? जा, बस."

"लाकूड माझ्या खांद्याला लागत नाय," देवराम म्हणाला.



"कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगंल? खांदा माझा हाय ना."

"कधी कळलं?"

"पयल्या दिशी."

"मंग सहा वर्षं वरडत का होता?"

"तुम्ही सात जण एवढं लपवत होते. मला नाय वरडावं लागणार? त्यो रोहित वाकायचा बघ गुडघ्यात. मला हसू दाबता दाबता पाठ दुखायची." देवराम हसला, मग हसता हसता थांबला. "त्याची मान बघितली का?"

"काय झालं मानेला?"

"गाठ आली हाय. लिंबाएवढी. पंचविशीचा पोर हाय. माझ्या वाटणीचं वजन जातं कुठं? हवेत नाय जात. त्याच्याकडं जातं."

सावळीरामनं थप्पीच्या कडेनं रोहितकडे बघितलं. रोहित ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला होता आणि राकेशला एकेका दांड्याचं नाव विचारत होता. शर्टाच्या कॉलरच्या वर ती गाठ दिसत होती. ती तिथे कधीपासून होती, ते मुकादमाला ठाऊक नव्हतं. तो सहा वर्षं फक्त मधल्या जागेकडेच बघत होता.

"आन तू?" त्यानं विचारलं.

"मी बसंन घरी. यशोदा म्हणती, घरात बसलेला नवरा कसा दिसतो ते एकदा बघायचंच हाय तिला."

"देवा, त्या दिशी आरोळी माझीच—"

"सही कर," देवराम म्हणाला. "पाय चांगले हायेत."

त्यानंतर सावळीरामनं राकेशला दोन तास सोडलं नाही. तेलाच्या नळ्या उघड्या का, फांदी लागून फुटल्या तर काय. उतारावर एक पाय खाली एक वर टेकेल का. पंजा निसटला तर वरच थांबतो की खाली येतो. चिखलात ट्रॅक्टर रुतला तर त्याला उचलायला दुसरी क्रेन मागवायची का. राकेशचा शर्ट भिजला. शेवटच्या प्रश्नाला तर त्यानं नाशिकला फोन लावला. तिकडेही कुणाला माहीत नव्हतं. नळ्यांवर लोखंडी कवच बसवून द्यायचं आणि रोहितला महिनाभर शिकवायचं, असं लिहून घेतल्यावर सावळीरामनं सही केली. संजनाच्या वहीत नोंद झाली: 'पाय समाधानकारक.'

ट्रॅक्टर आला. पोरांची सोय झाली. पहिल्या सोमवारी देवराम डेपोवर आला नाही.

मंगळवारी सावळीराम संजनाच्या टेबलासमोर येऊन बसला.

"अर्ज लिहायचा हाय. नाशिकच्या मोठ्या ऑफिसला."

तिनं ऐकून घेतलं. "काका, असं पदच नसतं."

"नसतं म्हणून तर मागायचं. असतं तर कशाला मागितलं असतं?"

"कोणी मंजूर करणार नाही."

"तू लिही तर. बोलायचं मी बोललो, साहेबाच्या भाषेत तू कर."

संजनानं कीबोर्ड पुढे ओढला. दोनदा तिला थांबून डोळे पुसावे लागले. पंख्याच्या धुळीनं, असं ती म्हणाली. पंखा बंद होता.

*विषय: ट्रॅक्टरवरील क्रेनसोबत 'मधला माणूस' हे पद निर्माण करणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संस्थेने घेतलेले यंत्र उत्तम असून त्याबाबत तक्रार नाही. तथापि सदर यंत्र ओंडका मधोमध धरते. ती जागा श्री. देवराम गावित यांची असून त्यांनी ती सोडल्याचे कोणतेही पत्र कार्यालयात उपलब्ध नाही. सबब त्यांना यंत्राच्या कक्षेबाहेरून, ओंडक्याच्या सोबतीने, थप्पीपर्यंत चालण्यास नेमण्यात यावे. वजन उचलणे हा कामाचा भाग नसावा. पाठीचा वैद्यकीय दाखला मागू नये. पदाची जाहिरात देऊ नये, कारण पात्र उमेदवार एकच आहे आणि तो अर्ज करणार नाही. निवृत्तीचे वय ठेवू नये. त्यांच्यानंतर सदर जागा कोणासही देऊ नये, यंत्रासही नाही. ती कायम रिकामी ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.*