जाडी थोरली, बारीक धाकटी

थोरलीला वाढताना आईचा हात आखडायचा, धाकटीला वाढताना सढळ व्हायचा. थोरली अंगानं जाड, धाकटी काडीसारखी. "हिच्या अंगीच लागत नाही गं," आई म्हणायची.

थोरली कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. दिवसभर उभी, आणि आठवड्याआड रात्रपाळी. धाकटी विमा कचेरीत खुर्चीला खिळलेली. दुपारी गोड चहा आणि बिस्किटं, हेच तिचं जेवण. त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

धाकटीच्या पायाची जखम भरेना, तेव्हा थोरली तिला दवाखान्यात घेऊन गेली. आईही आली. सख्ख्या बहिणी म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. धाकटीची साखर भलतीच वाढलेली निघाली. थोरलीची काठावर.

"बाई, रक्ताची अदलाबदल झाली असेल," आई म्हणाली. "जाडी तर ही आहे."

"अदलाबदल नाही. बारीक माणसालाही मधुमेह होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकच घास दोघींच्या रक्तात वेगळी साखर करतो. घराण्याचा कल, झोप, हालचाल, आतड्यातले जिवाणू, सगळ्यांचा त्यात हात असतो. थोरलीच्या वजनात रात्रपाळीचाही वाटा असेल. सांभाळायचं दोघींनीही."

थोरली दवाखान्याच्या पायऱ्या उतरून आईकडे वळली. मग म्हणाली, "आजारी मीच निघायला हवी होते ना तुला?"

आईनं रिक्षाला हात केला.

संध्याकाळी आईनं धाकटीपुढचं ताट ओढलं. "पुरे आता. जिभेनंच घात केलाय तुझा."

धाकटीनं हात आवरला. थोरलीनं आमटीचा डाव आपटला.

"आता हिच्या मागे लागू नकोस. इतकी वर्षं मी घरात चोरासारखी जेवले. अर्धपोटी उठायचे आणि कारखान्याच्या जिन्यात उभ्यानं पाव कोंबायचे. तिला आजार झालाय, तिनं गुन्हा नाही केलेला."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"दिसलं भलं."

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात कायमची दिवसपाळी मागितली. "आधी वजन उतरव," मुकादम हसत म्हणाला. तिनं कात्री खाली ठेवली आणि त्यानं तिची पाळी बदलून देईपर्यंत उचलली नाही.

आता धाकटी औषधं घेते, घरून डाळ-भाजीचा डबा नेते. तिची जखम भरली. थोरलीची झोप सुधारली, साखरही उतरली. वजन फारसं हललं नाही. आईनं चुकलं म्हटलं नाही, थोरलीनंही राग गिळला नाही. आईनं स्वतःचं रक्त तपासावं म्हणून दोघी मागे लागल्यात.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणते.