ताटकळलेल्या नळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे आकडेबाई म्हणत. रक्तातल्या वीस हजार जनुकांपैकी कोणतं किती जागं आहे, याचे आकडे संगणकावर चाळणं हेच तिचं काम. रक्ताच्या नळ्या हाताळायचे ते तंत्रज्ञ काका. नातं काही नव्हतं, पण भांडण अगदी सख्ख्यासारखं. "तुझं बरंय, बटण दाबलं की झालं," काका म्हणायचे. "आणि तुमचं अक्षर लावताना माझे डोळे जायची वेळ आलीय," ती म्हणायची.

सोमवारी तिची मुलाखत होती. स्वतःचा गट, स्वतःची खोली आणि मुख्य म्हणजे कायमची नोकरी! वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकांवर दिवस काढून बाई पार मेटाकुटीला आली होती. आता मात्र तिच्या हाती हुकमाचं पान होतं: निरोगी बाळांच्या रक्तात जागी आणि आजारी बाळांच्या रक्तात गप्प असलेली चाळीस जनुकं.

शुक्रवारी शेवटची पडताळणी म्हणून तिने काकांची वही उघडली. प्रत्येक नळीपुढे ती कधी हाताळली, ती वेळ. आजारी बाळांच्या नळ्या साडेनऊ, दहा. निरोगी बाळांच्या दोन, अडीच. एकूण एक.

"काका, हे असं का?"

"असं का म्हणजे? नळ्या येतात सगळ्या एकदम, नऊला. आजारी लेकरांना ताटकळत ठेवायचं होय?"

रक्त चार-पाच तास नळीत पडून राहिलं की त्यातली जनुकं बिथरतात, गप्प असलेली जागी होतात. म्हणजे तिची चाळीस जनुकं आजाराची नव्हतीच मुळी, ताटकळण्याची होती!

तिने सांगितलं तसं काकांनी वही जवळ ओढून वेळा वाचल्या. "वाटोळं केलं गं मी तुझं." मग हळूच म्हणाले, "ही वही कोण बघतंय? सोमवार होऊन जाऊ दे, मग बोल."

"काही काय बोलता काका!" ती खेकसली. "उद्या याच्यावरून कुणी खरीखुरी बाळं तपासायला लागलं म्हणजे?" आणि लगेच वरमून तिने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. "तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. चूक माझी आहे."

सोमवारी तिने ते मुलाखतीत सांगून टाकलं. समोरच्या पाच जणांनी मान डोलावली, कौतुकही केलं, आणि जागा दुसऱ्याला दिली. ती दोन दिवस धुमसली, एकदा पोटभर रडली, आणि मग नव्या नळ्यांचा क्रम लावायला बसली. कोण आजारी, कोण निरोगी हे न बघता, चिठ्ठ्या टाकून, म्हणजे ताटकळणं दोघांच्याही वाट्याला सारखं येईल.

पहिली चिठ्ठी निघाली ती एका धडधाकट बाळाची. अगदी शेवटची निघाली अतिदक्षता विभागातल्या अकरा दिवसांच्या मुलीची.

काकांनी यादी दोनदा वाचली. "हिला अडीचपर्यंत थांबवायचं?"

"तिच्यावर तिथे उपचार चालू आहेत, काका. इथे नुसती नळी थांबणार आहे."

"डोक्याला कळतं गं," काका म्हणाले. त्यांनी तीस वर्षांच्या सराईत हाताने पहिली नळी उचलली, पण नजर शेवटच्या नळीवरच होती. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

एक वाजता काका म्हणाले, "जा, जेवून घे."

"तुम्ही गेलात की जाते."

अडीचला त्या मुलीची पाळी येईपर्यंत दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही.