पाणथरी

"हात आधी चोळून घे गं, बर्फ झालाय नुसता!" इस्त्रीवाल्या बाई खाटेवरून पुटपुटल्या.

विद्यार्थिनी दचकली. परीक्षक शेजारच्या खाटेशी होते. तिने तळवे चोळले आणि बाईंच्या डाव्या बरगडीखाली चाचपू लागली.

बाईंच्या लगेच ध्यानात आलं. चुकतेय पोरगी! गेल्या वर्षी इथंच नापास झाली होती. अकरा वर्षं दर परीक्षेला बाई दुकान बंद ठेवून, डॉक्टरकीच्या मुलांना तपासायला रुग्ण हवा म्हणून, रुग्णालयात येत. पोटातली पाणथरी, डॉक्टरांच्या भाषेत प्लीहा, वाढत वाढत पार बेंबीपलीकडे गेलेली. वरून सुरुवात केली की हात थेट तिच्यावरच पडे आणि काठ काही सापडत नसे. खालून वर यायला हवं. पण रुग्णानं काही सांगायचं नाही, असा नियम होता.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात मुलीचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. हात थांबले.

"दुखतंय का, मावशी?"

"नाही गं. सावकाश कर."

मुलीनं डोळे मिटले, क्षणभर थांबली आणि हात उचलून उजवीकडे, पार खाली ठेवला. "मोठा श्वास घ्या."

श्वास आपलाच, त्याला कुठला नियम? बाईंनी छाती भरून घेतला. एकेक श्वासागणिक बोटं वर सरकली आणि एकाएकी थबकली. मुलीचा चेहरा उजळला.

परीक्षकांनी येऊन सगळं विचारून घेतलं आणि मान डोलावली. "छान. जा आता."

ती गेली नाही. पुन्हा खाटेशी आली. "मावशी, तुम्ही कधी हात लावून पाहिलंय?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं? शेकडो डॉक्टरांनी पाहिलंय की."

मुलीनं बाईंचा हात हातात घेतला. इस्त्रीच्या चटक्यांनी राठ झालेली बोटं तिनं पोटावर नेमकी टेकवली. "आता श्वास घ्या."

आतून काहीतरी भरीव, गुळगुळीत हळूच खाली आलं, बोटांना टेकलं. श्वास सोडला तसं मागे गेलं. पुन्हा आलं. काठावर एक छोटीशी खाच होती. भरवशाच्या माणसाची चाहूल लागावी, तसं बाईंना वाटलं.

"अगं बाई! हे माझं? इतकी वर्षं हे असं येतंय-जातंय?"

"प्रत्येक श्वासाला, मावशी."

बाईंनी बोटं तिथून हलवली नाहीत.

पडदा सरकला. पुढचा विद्यार्थी आत येऊन उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे न बघताच दुसऱ्या हाताचं बोट वर केलं, जरा थांब म्हणून, आणि आणखी एक श्वास घेतला.